आयपी जाळ्यावरून मोडेम वाहतूक : भरवशाच्या वहनाच्या अटी

टेलिफोनच्या तारेवरून आवाजाच्या रूपात जाणारी मोडेमची माहिती मधल्या टप्प्यात आयपी जाळ्यातून, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे (पॅकेटे) करून नेणाऱ्या इंटरनेटसारख्या जाळ्यातून, न्यायची असेल, तर त्या वहनाने काय काय पाळले पाहिजे याचे नियम. दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयटीयू-टी या संस्थेची व्ही.१५०.१ ही शिफारस (जानेवारी २००३) यातला मुख्य आधार आहे. फॅक्ससाठी टी.३८ ही शिफारस १९९८ मध्येच आली होती.

ग्रामीण भागासाठी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलेले पहिले छोटे डिजिटल एक्सचेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. पुढे देशभरातल्या खेड्यांप्रमाणे मराठवाड्यातही अशी एक्सचेंजे आली. आता जुन्या एक्सचेंजांची पाठीमागची यंत्रणा आयपीवर जाते, गिऱ्हाइकाची तांब्याची तार मात्र तीच राहते. फोनवर बोलणाऱ्याला फरक जाणवत नाही. त्याच तारेवरचे स्वाइप मशीन, लिफ्टचा अलार्म किंवा दूरच्या पंपाची खबर देणारा मोडेम मात्र एकाएकी अडखळू लागतो.

कारण असे, की आयपीवरची फोनव्यवस्था माणसाच्या कानासाठी घडवलेली आहे. जी.७२९ सारखा कोडेक (आवाजाचे बिट बनवणारी पद्धत) बोलणे सेकंदाला ८ किलोबिटमध्ये बसवतो, पण त्यासाठी मूळ ध्वनिलहर तशीच ठेवत नाही. मोडेमची सगळी माहिती तर त्या लहरीतच असते. जी.७११ वापरला तर लहर बऱ्यापैकी टिकते, पण खर्च वाढतो. २० मिलिसेकंदांचे एक पॅकेट धरले तर १६० बाइट ध्वनी आणि ४० बाइट पत्ते वगैरेचे मथळे, अशी सेकंदाला ५० पॅकेटे, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. एवढे करून आत वाहते ते व्ही.३४ मोडेमचे जास्तीत जास्त ३३.६ किलोबिट. मोडेम गप्प बसला तरी ८० किलोबिट चालूच. त्यात एक पॅकेट गळाले तर हरवतात फक्त ६७२ बिट, पण मोडेमची वेळेची जुळणी बिघडू शकते आणि पुन्हा जुळवून घ्यायला काही सेकंद जातात. पॅकेटांच्या येण्यातला मागेपुढेपणा सांभाळणाऱ्या जिटर बफरने मध्येच आपली लांबी बदलली तरी तेच होते, एकही पॅकेट न हरवता.

व्ही.१५०.१ मधली रिले पद्धत हा प्रश्न मुळापासून सोडवते. गेटवे, म्हणजे तार आणि आयपी जाळे जोडणारे यंत्र, मोडेमचा सिग्नल आपल्या पातळीवरच उलगडतो, त्यातले बिट काढतो, तेवढेच जाळ्यातून पाठवतो आणि पलीकडचा गेटवे त्यांचा पुन्हा सिग्नल बनवतो. इथे जबाबदारीचे हस्तांतर होते, आणि माझ्या मते साऱ्या अटींचा गाभा हाच आहे. व्ही.४२ या मोडेम-मानकाची चूक-दुरुस्ती गेटवेपाशीच संपत असेल, तर मोडेमला पोचपावती गेटवे देतो. मोडेमच्या लेखी माल पोचला. त्यानंतर एक बाइटही टाकून देण्याची मुभा गेटवेला उरत नाही.

समजा, लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानात गिऱ्हाइकाने कार्ड स्वाइप केले. मशीनमधला मोडेम व्ही.२२ चा, सेकंदाला १,२०० बिटचा. बँकेच्या संगणकाने मंजुरी धाडली आणि फोन ठेवला. पाठवणाऱ्या मोडेमला पावती मिळालेली आहे, पण मंजुरीची शेवटची पॅकेटे अजून जाळ्यात आहेत. तेवढ्यात फोन ठेवल्याचा निरोप त्यांच्या पुढे निघून गेला, तर दुकानाकडचा गेटवे लाइन तोडतो. मग काउंटरवर तक्रार सुरू होते : पैसे कटले, स्लिप निघाली नाही. म्हणून वाटेतला माल पोचवूनच लाइन सोडावी, ही अट लेखी हवी.

उलट, प्रत्येक निरोप रांगेतूनच गेला पाहिजे असेही नाही. व्ही.४२ मध्ये ‘ब्रेक’ नावाचा संकेत आहे. त्याचा एक प्रकार साचलेल्या माहितीला ओलांडून पुढे जातो. टीसीपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या भरवशाच्या वहनावर, सगळे एकाच रांगेत असतात : एक तुकडा हरवला की मागचे सगळे, तातडीचे निरोपसुद्धा, ताटकळतात. पुन्हा पाठवण्याआधी निदान एक सेकंद थांबावे, अशी टीसीपीच्या मानकाची सूचना आहे. ई-मेलला ते चालते. मंजुरीची वाट पाहणाऱ्या मशीनला प्रत्येक सेकंद मोलाचा.

त्यामुळे व्ही.१५०.१ ने यूडीपीवर, म्हणजे पोचण्याची हमी न देणाऱ्या साध्या वहनावर, चालणारा स्वतःचा हलका प्रोटोकॉल घेतला : एसपीआरटी. त्यात चार मार्ग आहेत. एक भरवशाचा आणि क्रमवार, माहितीसाठी. दुसरा तसाच, पण तातडीच्या नियंत्रण निरोपांसाठी. उरलेल्या दोघांत पोचण्याची हमी नाही, त्यांतला एक क्रम राखतो आणि एक तोही नाही. एका पॅकेटसोबत तीनपर्यंत पोचपावत्या जातात. दोन टोकांचा वेग वेगळा असला, एकीकडे ३३.६ आणि दुसरीकडे ९.६ किलोबिट, तर बफर तुंबण्याआधी वेगवान मोडेमला ‘थांब’ सांगणे हेही गेटवेचेच काम. यूडीपीला स्वतःचा आवर नसतो, म्हणून पुन्हा पाठवण्यावर मर्यादाही घालावी लागते.

हे सगळे सुरू होते २१०० हर्ट्झच्या उत्तर-स्वराने. तो ऐकताच गेटवेने आवाजाची पद्धत सोडून मोडेमच्या पद्धतीत यायचे असते. हे एकमेकांना कळवणारे एसएसई निरोप आवाज वाहणाऱ्या आरटीपी या प्रोटोकॉलवरून जातात आणि तेही गळू शकतात, म्हणून ते पुन्हा पुन्हा पाठवतात. एक बाजू बदलली आणि दुसरी आवाजातच राहिली, तर कॉल वाया गेलाच.

अटी लिहिताना जाळे प्रयोगशाळेतले धरू नये. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की वाहतूक लांबच्या मार्गाने वळते आणि विलंब एकदम बदलतो. गेटवे दुकानातच असेल, तर वीज गेली की तो बंद पडतो. जुन्या तारेला वीज एक्सचेंजच्या बॅटरीतून, ४८ व्होल्टची, मिळत असे. लिफ्टच्या अलार्मसाठी ही उणीव पॅकेट गळण्यापेक्षा गंभीर आहे आणि कोणताही प्रोटोकॉल ती भरून काढत नाही.

व्ही.१५२ (जानेवारी २००५) ही शिफारस साधा मार्ग घेते : जी.७११ सारख्या कोडेकातूनच, योग्य बंदोबस्तासह, मोडेमचा आवाज न्यायचा. जाळे चांगले असेल तर ते पुरते आणि गेटवे स्वस्त पडतो. व्ही.१५०.१ ची रिले आज मुख्यतः नाटो देशांच्या स्किप (सुरक्षित संभाषणाचे मानक) पद्धतीच्या सांकेतिक फोनसाठी मागितली जाते.