नळीतला चुंबकी झाडू

फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी ओतून आत बोट फिरवलं, की बुळबुळीत काहीतरी हाताला लागतं. नुसतं खंगाळून ते जात नाही, घासावंच लागतं. लघवीसाठी बसवलेल्या कॅथेटरमध्येही हेच साठतं, फक्त तिथे बोट जात नाही. १६ फ्रेंच हे या नळीचं नेहमीचं माप. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे बाहेरून मोजली तरी नळी जेमतेम ५.३ मिलिमीटर जाड. आतली वाट त्याहून अरुंद.

हा थर म्हणजे बायोफिल्म. जीवाणू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकटा पसरतात. त्यात दडलेल्या जीवाणूंना मारायला मोकळ्या जीवाणूंच्या शेकडो पट प्रतिजैविक लागू शकतं. प्रोटियस मिराबिलिस हा तर भलताच खोडसाळ. तो लघवीतला युरिया फोडून अमोनिया बनवतो, लघवी अल्कधर्मी होते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या फॉस्फेटचे खडे जमतात आणि नळी तुंबते. मग नळी बदलायची. नव्या नळीवर पुन्हा तेच.

यावर उपाय म्हणून चुंबकी मऊ रोबोंचा विचार चालू आहे. रोबो म्हणणं जरा जास्तच झालं, कारण मोटर नाही, बॅटरी नाही, वायर नाही. असते ती रबरासारखी पट्टी. सिलिकॉनमध्ये निओडिमियम चुंबकाची भुकटी कालवून पातळ पापुद्रा ओततात. सगळी गंमत पुढे आहे. पट्टी बारीक दांडीवर गुंडाळून जोरदार चुंबकीय क्षेत्रात धरायची आणि मग उलगडायची. आता तिच्या प्रत्येक तुकड्याचं चुंबकत्व वेगळ्या दिशेला तोंड करून असतं. बाहेर चुंबक फिरवलं, की एक भाग उचलतो, शेजारचा दबतो आणि अंगातून लाट सरकत जाते, अगदी अळीसारखी. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने २०१८ साली दाखवलेली अशी पट्टी ३.७ मिलिमीटर लांब होती. ती चालली, लोळली, उडी मारली, पोहली आणि अरुंद बोगद्यातूनही सरपटली.

मऊपणा इथे कामाचा. वळणावर पट्टी अडकत नाही, भिंतीला अंग घासत जाते आणि नळीला ओरखडाही पडत नाही. घासण्याला रसायनाची जोडही देता येते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१९ मध्ये लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण वापरले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साथीने ते जीवाणू मारतात, चिकटा तोडतात आणि चुंबकाच्या ओढीने मोडतोडही लोटून नेतात.

मला खरी अडचण दिसते ती या मोडतोडीचीच. खरवडलेला थर मूत्राशयात ढकलला गेला, तर जंतूंना घरपोच पोचवल्यासारखं होईल. म्हणून झाडू आतून बाहेर, लघवीच्या प्रवाहाबरोबर फिरवायला हवा. शिवाय चुंबकाची ओढ अंतर वाढलं की झपाट्याने घटते, त्यामुळे खोलवर शरीरात पट्टीला खेचण्यापेक्षा फिरत्या क्षेत्राने पीळ देणं सोपं. त्यात निओडिमियमची भुकटी ओलाव्यात गंजते, तिला पक्कं आवरण लागतं. आणि नळीच्या बाहेरच्या अंगाने वर चढणारे जीवाणू? त्यांच्यापर्यंत हा झाडू पोचतच नाही.

मेंदूतलं साचलेलं पाणी काढणाऱ्या शंट नळीसाठी पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी झाडू आत पाठवलाच नाही. नळीच्या भोकांपाशीच चुंबकी पट्ट्या कायमच्या बसवल्या. बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं, की त्या जागच्या जागी हलतात आणि भोकं मोकळी करतात. यात निदान रोबो परत बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न उरत नाही.