एकविसाव्या दिवशी काहीच घडत नाही

'21 दिवसांत सवय लावा' हे आव्हान समाजमाध्यमांवर सतत फिरत असतं. लोक उत्साहाने वहीत रकाने आखतात. बाविसाव्या दिवशीही गजर बंद करून झोपावंसं वाटलं, की इच्छाशक्तीला दोष देतात. मला या आकड्याचा राग येतो, कारण त्यापायी चांगली चाललेली माणसं मध्येच सोडून देतात.

आकडा बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्याने 1960 मध्ये लिहिलं. पुढे 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, ध्यान, वाचन असं सगळंच आलं.

प्रत्यक्ष मोजणी केली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 96 जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एकेक कृती निवडून ती 'न्याहारीनंतर'सारख्या रोजच्या प्रसंगाला जोडली. 84 दिवस ते दोन गोष्टी नोंदवत होते: कृती केली का, आणि ती किती आपसूक घडली. ज्यांच्या नोंदी सवय मुरण्याच्या गणिती आलेखाशी नीट जुळल्या, त्यांच्यात सवय मुरायला लागलेल्या काळाचा मध्यक 66 दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले. व्याप्ती 18 ते 254. यातले 84 च्या पुढचे आकडे आलेख पुढे वाढवून काढलेले आहेत.

त्या आलेखाचा आकार मला फार आवडतो. तो सरळ चढत नाही. आधी झपाट्याने वर जातो, मग सपाट होत जातो. समजा, पूर्ण मुरलेली सवय म्हणजे 100 आणि प्रत्येक दिवस उरलेल्या अंतराचा 4.5 टक्के भाग भरून काढतो. पहिल्या दिवशी 4.5 मिळाले. दुसऱ्या दिवशी अंतर उरलं 95.5, म्हणून मिळाले 4.3. असं करत 21 व्या दिवशी आपण 62 वर असतो आणि 66 व्या दिवशी 95 वर. रेस्कोर्ला आणि वॅगनर या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये प्राण्यांच्या शिकण्यासाठी मांडलेलं समीकरणही याच घडणीचं आहे: अपेक्षा आणि अनुभव यांत जितकी तफावत, त्या प्रमाणात साहचर्याच्या, म्हणजे दोन गोष्टींची मनात सांगड बसण्याच्या, बळात वाढ, तफावत शून्याकडे गेली की शिकणंही थांबतं.

आता तिसाव्या दिवशी खाडा झाला असं धरा. आपल्या हिशेबात त्या दिवशी मिळणारे जेमतेम 1.2 गुण बुडाले. आधीचे जागेवरच आहेत. लॅलींच्या नोंदींतही एखादी संधी हुकल्याने सवय घडण्यात लक्षणीय फरक पडला नाही. काही अ‍ॅप मात्र एक दिवस चुकला की सलग दिवसांचा आकडा शून्यावर आणतात. मेंदूत असलं शून्य होत नाही, आणि त्या शून्यामुळे येणारी अपराधी भावना मनाला फुकटचा त्रास देते.

नोंद ठेवणं मात्र सोडू नये. 138 प्रयोगांच्या 2016 मधल्या एकत्रित विश्लेषणात प्रगतीवर लक्ष ठेवणाऱ्यांना ध्येय गाठायला मदत झालेली दिसली. लिहून ठेवलं तर परिणाम आणखी मोठा. फक्त बरोबरच्या खुणेशेजारी एक रकाना वाढवा: 'आज स्वतःला किती ढकलावं लागलं?' हा आकडा हळूहळू उतरत असेल, तर खाडे पडूनही सवय मुरते आहे. आणि व्यायामाची सवय त्या अभ्यासात खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ घेत होती, तेव्हा तिथे तीन महिने हाताशी धरूनच वही आखा.