शून्य कुपीतलं की खोलीतलं? अणुसेन्सरमधल्या इवल्या कॉइल्सची पार्श्वभूमी

२००४ मध्ये चिपच्या आकाराचा पहिला अणू-मॅग्नेटोमीटर, म्हणजे कुपीतल्या अणूंच्या वाफेतून लेसर सोडून चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, आला, तेव्हा त्याचं घनफळ होतं १२ घन मिलिमीटर आणि संवेदनशीलता १० हर्ट्झला सुमारे ५० पिकोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, पिको म्हणजे त्याचा लाख कोटीवा हिस्सा). त्यानंतरची बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष वाफेच्या कुपीवर आणि लेसरवर राहिलं. कॉइल, म्हणजे प्रवाह सोडून क्षेत्र निर्माण करणारे तारेचे वेढे, ही शेवटी बाहेरून बसवायची वस्तू, असाच समज होता. आज याच सेन्सरांच्या मर्यादा मोजायला बसलं की पुढे येणाऱ्या अडचणींतल्या बऱ्याचशा कॉइलच्याच निघतात. म्हणून ही हकिगत कॉइलच्या बाजूने सांगायला हवी.

जुना भाग थोडक्यात. हेल्महोल्ट्झ जोडी सगळ्यांना माहीत आहे: दोन सारख्या कड्या, त्यांच्यात त्रिज्येएवढं अंतर. ही जोडी इतकी टिकली, कारण मध्यापासून त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाएवढं अक्षावर सरकलं तरी क्षेत्र जेमतेम दहा हजारांत एक भाग बदलतं. प्रवाह उलटा करून अंतर त्रिज्येच्या √३ पट केलं की सरळ चढता ग्रेडियंट, म्हणजे अंतरानुसार एकसारखं वाढत जाणारं क्षेत्र, मिळतो. पुढे मेंदूचं चुंबकीय क्षेत्र १९६८ मध्ये पहिल्यांदा टिपलं गेलं, तेही १० लाख वेढ्यांच्या कॉइलने. तिथे कॉइल हीच सेन्सर होती. अणूंच्या वाफेने ते काम हाती घेतलं आणि कॉइलकडे मदतनिसाची भूमिका आली.

ही मदत अपरिहार्य झाली ती एका विचित्र गुणधर्मामुळे. वाफ पुरेशी दाट असेल आणि क्षेत्र जवळजवळ शून्य असेल, तर अणूंच्या आपसातल्या टकरींनी अनुनाद (अणू क्षेत्राला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात ते शिखर) रुंदावण्याऐवजी अरुंद होतो. हे १९७३ मध्ये दिसलं होतं. त्याचा मॅग्नेटोमीटर होऊन संवेदनशीलता फेम्टोटेस्लाच्याही (पिकोटेस्लाच्या हजाराव्या हिश्शाच्याही) खाली जायला २००३ उजाडलं. कुपी साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवायची आणि क्षेत्र काही नॅनोटेस्लांच्या (एक नॅनो म्हणजे हजार पिको) आत आणायचं. पृथ्वीचं क्षेत्र ५० मायक्रोटेस्लाच्या घरात असतं. त्यातलं बहुतेक म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र वळवून घेणाऱ्या मिश्रधातूचं कवच अडवतं. उरलेलं पुसण्याचं काम कॉइलचं.

दरम्यान आराखड्याची रीतच बदललेली होती, आणि तीही दुसऱ्याच गरजेपोटी. एमआरआय यंत्रातल्या ग्रेडियंट कॉइल्ससाठी १९८६ मध्ये प्रश्न उलटा मांडला गेला. तोवर विचारायचे, या तारेने क्षेत्र कसं होईल? आता विचारलं गेलं, असं क्षेत्र हवं असेल तर प्रवाह कसा वाहायला हवा? उत्तर येतं ते पृष्ठभागभर पसरलेल्या अखंड प्रवाहाच्या रूपात. नकाशावर समोच्च रेषा काढतात तशा त्यावर रेषा काढायच्या आणि प्रत्येक रेषेवर तांब्याचा ट्रॅक घालायचा. पुढे संगणकांच्या जोरावर ही रीत नळकांड्यापुरती न राहता हव्या त्या आकाराच्या पृष्ठभागावर चालू लागली. आज छापील सर्किट बोर्डवर दिसणाऱ्या नागमोडी, समोच्च रेषांच्या नकाशासारख्या भासणाऱ्या कॉइल्स या वंशातल्या.

२०१८ मध्ये डोक्यावर घालता येणाऱ्या मेंदू-मापन यंत्राने या कॉइल्सना खरी प्रसिद्धी दिली. कवच असलेल्या खोलीत वीस-पंचवीस नॅनोटेस्ला उरत होते. सेन्सरची कार्यकक्षा होती दीड नॅनोटेस्लाच्या आसपास. म्हणजे मान चार अंश वळली तरी सेन्सर आंधळा. मग माणसाच्या दोन बाजूंना १.६ मीटरचे दोन चौकोनी फलक उभे केले गेले, त्यांवर त्या नागमोडी कॉइल्स, आणि मधल्या जागेत क्षेत्र अर्ध्या नॅनोटेस्लाच्या पातळीला आलं. माणूस मान हलवू शकला. कामगिरी मोठीच होती. पण तिच्यामुळे एक शब्द कायमचा गुंतून बसला, तो म्हणजे 'शून्य क्षेत्र'.

खोलीवाले शून्य म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक जागा असते: डोकं हलेल तेवढ्या घनफळात सगळीकडे कमी क्षेत्र. सेन्सरवाले शून्य म्हणतात तेव्हा मनात कुपी असते, आणि तीही कुपीतल्या अणूंना जाणवणारी सरासरी. या दोन्ही गोष्टी एक नाहीत. सेन्सर सुरू करताना तो आपल्या तिन्ही कॉइल्समधला प्रवाह बदलत बदलत अनुनादाचं शिखर शोधतो आणि तिथे थांबतो. या क्रियेला 'शून्य करणं' म्हणतात. पण अणूंना पंप करणारा, म्हणजे एका दिशेला रोखून ठेवणारा, वर्तुळ-ध्रुवित प्रकाश अणू शोषतात त्या नेमक्या तरंगलांबीपासून जरा सरकलेला असला, की तो स्वतःच किरणाच्या दिशेने एका खोट्या चुंबकीय क्षेत्रासारखा वागतो. कॉइल तेही पुसते. म्हणजे अणू म्हणतात शून्य, तेव्हा कुपीत खरं क्षेत्र उरलेलं असू शकतं, नेमकं त्या खोट्या क्षेत्राला उलटं. अशा कॉइलमधला प्रवाह वाचून 'खोलीत इतकं क्षेत्र होतं' असा निष्कर्ष काढणं चूक आहे, तरीही तसे निष्कर्ष काढले जातात.

या गुंत्यातूनच वादाचा प्रश्न उभा राहिला: क्षेत्र पुसायची जबाबदारी कोणाची? एका पक्षाचं म्हणणं, भिंतीवरच्या कॉइल्सनी खोली स्वच्छ करावी, सेन्सरमधलीने फक्त शेवटचा हात फिरवावा. दुसऱ्याचं म्हणणं, प्रत्येक सेन्सरने आपली कॉइल सतत चालवून स्वतःचं शून्य राखावं, तिन्ही अक्षांवर, मोजणी चालू असताना. मला दुसरी बाजू पटते. आडव्या दिशेने एखादा नॅनोटेस्ला शिल्लक राहिला तरी सेन्सरचा संवेदनशील अक्ष काही अंशांनी कलतो, आणि खोली कितीही स्वच्छ केली तरी हलत्या डोक्यावर हा कल क्षणोक्षणी बदलत राहतो. पण भिंतीवाल्यांचा आक्षेप पोकळ नाही. तो समजायला आकडे मांडावे लागतात.

३ मिलिमीटरची घनाकृती कुपी घ्या आणि तिला ३ मिलिमीटर त्रिज्येची, एकेका वेढ्याची हेल्महोल्ट्झ जोडी लावा. दोन्ही कड्या नेमक्या कुपीच्या दोन भिंतींवर येतात. एका मिलिअँपियरला मध्यभागी ३०० नॅनोटेस्ला मिळतात, म्हणजे ५० नॅनोटेस्ला पुसायला मिलिअँपियरचा सहावा हिस्सा पुरे. लहान होण्याचा हा मोठा फायदा. पण तीच भिंत बघा: तिच्या मध्यबिंदूपाशी क्षेत्र केंद्रापेक्षा ५ टक्क्यांहून कमी भरतं. ५० नॅनोटेस्ला पुसायला गेलं तर भिंतीपाशी अडीच नॅनोटेस्लांहून जास्त शिल्लक. 'दहा हजारांत एक' ही ख्याती मधल्या बारीकशा ठिपक्याची आहे, इथे तर कुपीने सगळी जागा व्यापलेली.

दुसरी गोष्ट नॉइजची. प्रवाहात एका नॅनोअँपियरचा नॉइज असेल तर या जोडीत तो ३०० फेम्टोटेस्ला होतो. मेंदूचा संकेत शंभरेक फेम्टोटेस्लांचा. हीच जोडी ३० सेंटिमीटर त्रिज्येची असती तर तोच नॉइज ३ फेम्टोटेस्लांवर थांबला असता. जी कॉइल थोड्या प्रवाहात भरपूर क्षेत्र देते, ती थोड्या नॉइजमध्येही भरपूर गडबड करते. म्हणून या कामात कित्येकदा कॉइल मुद्दाम दुबळी ठेवतात.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची, आणि भिंतीवाल्यांचा मुख्य मुद्दा हाच. वरच्याच जोडीने ५० नॅनोटेस्ला पुसले, तर २ सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या कुपीला ०.१ ते ०.२ नॅनोटेस्ला जाणवतात, म्हणजे मेंदूच्या संकेताच्या हजारपट किंवा अधिक. स्थिर असेल तर चालून जाईल, पण सतत बदलणाऱ्या फीडबॅकमध्ये पन्नास सेन्सर एकमेकांचं शून्य हलवत राहतात. यावरचा उपायही एमआरआयकडूनच आला: बाहेर उलट्या प्रवाहाची दुसरी जोडी. तिची त्रिज्या दुप्पट ठेवली तर प्रवाह चौथा हिस्सा पुरतो. दूरवरचं द्विध्रुवी (छोट्या चुंबकासारखं) क्षेत्र मिटतं आणि केंद्रातलं क्षेत्र फक्त एक अष्टमांशाने घटतं. सौदा फायद्याचा आहे. किंमत एवढीच की सेन्सरची रुंदी किमान १२ मिलिमीटर होते.

कागदावर हे सुटलं तरी हातात येणारी वस्तू वेगळी असते. लवचीक सर्किटची पट्टी तापलेल्या कुपीभोवती गुंडाळली की जिथे दोन टोकं जुळतात तिथे एक शिवण राहते, आणि आराखड्यातल्या अखंड रेषा तिथे तुटतात. प्रवाह आत नेणारे दोन ट्रॅक शेजारी-शेजारी गेले की त्यांच्यामधली फट हाच एक न मागितलेला वेढा होतो. म्हणून जाणारा ट्रॅक येणाऱ्याच्या बरोबर वर, दुसऱ्या थरावर ठेवतात. हीटरचे ट्रॅकही तसेच. ०.१ मिलिमीटरची चूक मीटरभराच्या फलकावर कुणाला दिसत नाही, इथे ती त्रिज्येच्या तिसाव्या हिश्शाएवढी आहे. बोर्डावरच्या सोन्याच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो, आणि निकेल चुंबकीय होऊ शकतं, म्हणून तो मुलामाच टाळावा लागतो. शिवाय तांबं वाढवलं की त्यातल्या उष्णतेने हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा चुंबकीय नॉइज वाढतो.

अलीकडे ट्रॅक थेट काचेवर किंवा सिलिकॉनवर छापण्याकडे कल आहे, म्हणजे शिवणही नाही आणि गुंडाळतानाची चूकही नाही. आणि कॉइल ठरल्यासारखी बनली की नाही, याची साक्ष आता अणूच देतात. कुपी जरा थंड ठेवायची, कारण दाट वाफेत अणूंचं क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखं फिरणं मंदावतं. मग एक मिलिअँपियर सोडायचा. रुबिडियम-८७ दर नॅनोटेस्लाला ७ हर्ट्झने फिरतो, तेव्हा वरच्या जोडीत २१०० हर्ट्झच्या जवळपास आकडा यायला हवा. तो चुकला तर कड्या सरकल्या आहेत, आणि अनुनादाची रेघ अपेक्षेपेक्षा रुंद दिसली तर कुपीच्या दोन भिंतींना वेगवेगळं क्षेत्र मिळत आहे.