शय्याव्रण

शय्याव्रण : हालचाल मंदावलेल्या किंवा थांबलेल्या रुग्णाच्या अंगावर, जेथे हाड त्वचेच्या लगत असते अशा ठिकाणी, सततच्या दाबामुळे होणारी जखम. बोलण्यात ‘बेडसोअर’ हाच शब्द रूढ आहे. ‘दाबव्रण’ हा पर्याय अधिक नेमका. कारण चाकाच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्या रुग्णाला अशी जखम बैठकीच्या हाडांवर होते आणि तिचा शय्येशी काही संबंध नसतो. ‘डेक्युबिटस’ हा जुना वैद्यकीय शब्द लॅटिनमधील ‘आडवे होणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. अमेरिकेतील या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये ‘व्रण’ हा शब्द सोडून ‘दाबाची इजा’ असा शब्द स्वीकारला. या जखमेच्या पायऱ्या मानतात, त्यांपैकी पहिल्या पायरीत त्वचा फाटलेली नसते, हे त्यामागचे कारण. युरोपात मात्र जुनीच संज्ञा चालू राहिली.

उताणे निजणाऱ्याच्या त्रिकास्थीवर (कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर असलेले हाड), टाचांवर व डोक्याच्या मागच्या बाजूस, कुशीवर निजणाऱ्याच्या खुब्यावर, घोट्यावर व कानाच्या पाळीवर जखम होते. त्रिकास्थी व टाचा ही सर्वांत नेहमीची ठिकाणे होत.

कारणमीमांसेचा वाद : इजिप्तमधील आमून देवाच्या एका पुजारिणीच्या ममीवर (साधारणपणे इ. स. पू. अकरावे-दहावे शतक) नितंब व खांद्यांवरील जखमा हरणाच्या मऊ कातड्याने झाकलेल्या आढळल्या. त्या शय्याव्रणाच्याच असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे याने बंदुकीच्या गोळीने मांडी मोडून अंथरुणाला खिळलेल्या एका सरदाराच्या नितंबावरील अशाच जखमेची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याने बिछाना स्वच्छ करवला, रुग्णाला सकस आहार दिला आणि जखमेचा भाग अधांतरी राहील अशी पिसांची लहान उशी करवून घेतली. आजच्या परिचर्येतही याहून मूलतः वेगळे असे फारसे नाही.

खरा वाद एकोणिसाव्या शतकातला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी पाहिले, की अर्धांगाच्या काही रुग्णांना झटक्यानंतर थोड्याच दिवसांत लुळ्या बाजूच्या नितंबावर काळा डाग पडतो, तर मज्जारज्जूला इजा झाली असता तो मध्यभागी, त्रिकास्थीवर उमटतो. मेंदू व मज्जारज्जूकडून त्वचेला मिळणारी ‘पोषक’ प्रेरणा तुटल्याने असे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या जखमेला त्यांनी मृत्यूचे अशुभचिन्ह म्हटले. या मतानुसार जखम अटळ ठरली, की परिचारिकेला करण्यासारखे काही उरत नाही. त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे हे मत पुढे बराच काळ टिकले.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांचे प्रयोग त्याआधीचे, १८५० च्या दशकाच्या प्रारंभीचे. मज्जारज्जू कापलेल्या गिनीपिगांची त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवली आणि एकाच जागी दाब येऊ दिला नाही, तर व्रण होत नाहीत व झालेले भरतात, असे त्यांना दिसले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५९ मध्ये, शय्याव्रण झाला तर दोष बहुधा रोगाचा नसून परिचर्येचा असतो, असे स्पष्ट लिहिले. पुढील अनुभव या पक्षाकडे झुकतो. तरीही शार्कोंचे निरीक्षण टाकाऊ नव्हते. चुकला तो त्याचा अर्थ. गंमत अशी, की त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हातपाय हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जापेशींच्या विकारात रुग्ण हलू शकत नसला तरी शय्याव्रण तुलनेने क्वचित होतो. त्या विकारात त्वचेची संवेदना शाबूत राहते.

दाब, काळ आणि घासणे : यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांतील दाब मोजला, धमनीकडील टोकाला तो सरासरी ३२ मिमी. पारा इतका भरला. निरोगी माणसाच्या बोटावरचा हा आकडा पुढे गाद्या विकणाऱ्यांनी सुरक्षिततेची सीमारेषा म्हणून मिरवला, हे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही. मायकेल कोसिअक यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की थोडा वेळ जास्त दाब आणि पुष्कळ वेळ कमी दाब हे दोन्ही सारखेच घातक ठरू शकतात. स्नायू त्वचेपेक्षा लवकर मरतो. म्हणून वर केवळ जांभळट डाग दिसत असताना आत, हाडालगत, पोकळी झालेली असू शकते. पलंगाचे डोके उंच केले की रुग्ण खाली घसरतो. त्वचा चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड सरकते. या कातरणाऱ्या ताणाने वाहिन्या पिळवटतात.

दोन तासांचा नियम : दर दोन तासांनी कूस बदलावी, हा नियम जगभर पाठ आहे, त्याचे मूळ मात्र निश्चित नाही. तो बहुधा मज्जाविकारतज्ज्ञ लुडविग गुटमन यांच्या नावावर घातला जातो. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ मध्ये सुरू झालेल्या मज्जारज्जू-विभागात त्यांनी लुळ्या सैनिकांना रात्रंदिवस ठरलेल्या वेळी वळवण्याची शिस्त लावली. वॉर्डातील सर्वांना वळवून पुन्हा पहिल्या पलंगापाशी यायला तेवढाच वेळ लागे, म्हणून दोन तास, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, नियम आधी आला आणि प्रयोगांचा आधार मागून, एवढे म्हणता येते. बेल्जियममधील २००५ च्या एका अभ्यासात साध्या गादीवर दोन तासांनी वळवण्यापेक्षा विशेष फोमवर चार तासांनी वळवणे सरस ठरले. अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांतल्या ९४२ वृद्धांच्या २०१३ च्या पाहणीत दोन, तीन व चार तासांत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र तेथे सर्वांना दाट फोमच्या गाद्या होत्या. दबून टणक झालेल्या कापसाच्या गादीला हा निष्कर्ष लावणे धोक्याचे आहे.

शरीर आणि मन : निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये वृद्ध रुग्णांची रात्रीची हालचाल यंत्राने मोजली गेली. रात्रीत पन्नासहून अधिक वेळा हलणाऱ्या एकालाही व्रण झाला नाही. वीस किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना झाला. न हलण्याचे कारण पक्षाघात आहे, स्मृतिभ्रंश आहे, खोल औदासीन्य आहे की झोपेची गोळी, याने त्वचेला फरक पडत नाही. हे ओळखून ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये शय्याव्रणाचा धोका अजमावण्यासाठी केलेल्या मोजपट्टीत शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाचही बाबींना सारखेच वजन दिले. प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली तर धोका. पाठीला चोळायच्या नाना लोशनांचा उपयोग नाही, वळवण्याचा आहे, हेही त्यांच्याच पाहणीत दिसले. पुढे वॉटरलो (१९८५) व ब्रेडन (१९८७) या मोजपट्ट्या आल्या. ब्रेडनमध्ये ‘मानसिक स्थिती’ हा वेगळा रकाना नाही, दाबाची अस्वस्थता जाणवून ती सांगता येणे असा आहे. तपशिलाच्या दृष्टीने ही सुधारणा खरी, पण मन गोंधळलेला रुग्ण कागदावरून थोडा पुसट झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परिचर्या : वळवताना रुग्णाला ओढत नाहीत, उचलतात. त्याच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घातलेली असते. दोघांनी दोन्ही कडांना ती अंगाजवळ गुंडाळून धरायची आणि एकाच वेळी उचलायची. पूर्ण कुशीवर निजवल्यास खुब्यावर सगळा भार येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांचा कल ठेवतात. डोके उंच करण्याआधी गुडघ्यांखाली आधार देतात. वेळ आणि कूस पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर लिहितात.

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला न सांगता हात लावला तर तो घाबरून कठडा घट्ट धरतो आणि अंग चादरीवर घासते. समोरून जाऊन, नावाने हाक मारून, ‘आजी, आता भिंतीकडे तोंड करूया’ असे सांगून क्षणभर थांबावे लागते. दुखते असे तो सांगेलच असे नाही; कपाळावरची आठी, आखडलेला हात यांवरून ओळखायचे. हातपाय बांधून ठेवणे हे शय्याव्रणाला आमंत्रणच.

लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही, तर ती पहिली पायरी समजतात. हे वर्णन गोऱ्या त्वचेवरून केलेले आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही. तेथे शेजारच्या भागाशी ताडून ऊब, कडकपणा किंवा मऊ पडलेली जागा हाताने चाचपावी लागते.

भारतात : मुंबईतील हाजी अली येथील केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था (१९५५) आणि लुळेपण आलेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये सुरू झालेले पुनर्वसन केंद्र ही या क्षेत्रातील जुनी नावे. घरी ही परिचर्या बहुधा सून, मुलगी किंवा ब्युरोतून आलेल्या मावशी करतात. स्पिरिट चोळून पावडर लावण्याची पद्धत अजून दिसते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते आणि लाल झालेल्या जागी चोळल्याने आतली इजा वाढू शकते. मध्ये भोक असलेली रबरी कडी काठावर दाब आणते, म्हणून तीही आता वर्ज्य मानतात. टाचांखाली पाण्याने फुगवलेले हातमोजे ठेवण्याची युक्तीही तशीच निरुपयोगी. पोटरीखाली लांब उशी घालायची आणि टाच गादीवरून इतकी उचललेली ठेवायची, की तिच्याखालून कागद सहज सरकेल.