गिरण्या यंत्रांनी गिळल्या?

लालबाग-परळमध्ये आजही ऐकू येतं: 'ऑटोमॅटिक माग आले आणि गिरणी कामगार घरी बसला.' पटण्यासारखं आहे, पण झालं जवळपास उलटंच.

मजुरी महागली की मालक माणसाऐवजी यंत्र घेतो, हा अर्थशास्त्रातला नेहमीचा हिशेब. मुंबईत मालकांना त्याहून स्वस्त वाट सापडली. 1950च्या दशकापासून सरकारने गिरण्यांच्या मागांची वाढ रोखून धरली होती आणि गिरण्यांबाहेरच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रमागांना अबकारी करात सवलत होती. मग कापड विणायचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे सरकलं. तिथे बरेचसे माग जुनेच, काही तर गिरण्यांनीच भंगारात काढलेले. पाळी बारा तासांची, आणि प्रॉव्हिडंट फंडाचं नाव काढायचं नाही. म्हणजे भांडवलाने कामगाराची जागा घेतली नाही. संघटित कामगाराची जागा स्वस्त, असंघटित कामगाराने घेतली.

आधुनिकीकरण काही गिरण्यांत झालं, नाही असं नाही. पण बऱ्याच मालकांनी नफा यंत्रांत घातलाच नाही.

आणि कामगार नेते दत्ता सामंतांचा 1982चा संप? त्याने शेवट लवकर आणला, हे खरं. पण घसरण आधीच सुरू होती. मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांची जमीन विकायची वाट मोकळी केल्यावर तर माग चालवण्यात कुणाला रस उरणार होता?