सुताराच्या वहीतून उभी राहिलेली घरं : स्टुडिओ मुंबईच्या कामाची पार्श्वभूमी

स्टुडिओ मुंबई या वास्तुरचना कार्यालयाची घरं बहुतेकांनी छायाचित्रांत पाहिली आहेत. नारळाच्या वाडीत लाकडी पट्ट्यांची लांबट पेटी, मध्ये काळ्या दगडाची वाट, दिव्यांचा पिवळा उजेड. ही घरं कशी दिसतात याची चर्चा भरपूर झाली. ती कोणी आणि कोणत्या क्रमाने बनवली, हा भाग मागे राहिला. या स्टुडिओचं खरं योगदान तिथेच आहे.

संस्थापक बिजॉय जैन यांचा जन्म 1965 मध्ये मुंबईत झाला. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी 1990 मध्ये वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी घेतली. लॉस एंजेलिसला अमेरिकन आर्किटेक्ट रिचर्ड मायर यांच्याकडे प्रतिकृती बनवण्याचं काम केलं, मग काही काळ लंडनला काढला. 1995 मध्ये ते परतले आणि अलिबाग परिसरात काम सुरू केलं.

त्या वेळची (आणि बरीचशी आजचीही) रीत अशी की आर्किटेक्टने नकाशे द्यायचे, निविदा निघायच्या, कमी दराच्या ठेकेदाराला काम जायचं आणि सुतार त्या ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर यायचा. या साखळीत घोटाळा सांध्यांवर होतो. 1:50 प्रमाणाच्या नकाशात 3 मिलिमीटरची फट म्हणजे कागदावरचा 0.06 मिलिमीटर, ती दिसतच नाही. मग चौकट दगडाला कशी टेकणार, पाणी कुठून निथळणार, हे साइटवर घाईत ठरतं आणि चुकलेलं पुट्टीखाली आणि रंगाखाली झाकलं जातं. पहिल्या दोन पावसाळ्यांत ते उघडं पडतं.

यावर स्टुडिओने काढलेला तोडगा साधा पण खर्चिक होता. सुतार, गवंडी हे स्टुडिओचेच लोक झाले. त्यांत राजस्थानातून आलेले पिढीजात सुतार होते. आर्किटेक्ट आणि कारागीर एकाच छपराखाली बसू लागले, सुतारही स्वतःच्या वहीत सांधे काढू लागले. कच्चं रेखाटन, छोटी प्रतिकृती, मग एखाद्या कोपऱ्याचा किंवा खिडकीचा पूर्ण आकाराचा नमुना. पक्का नकाशा अनेकदा त्यानंतरच.

पूर्ण आकाराचा नमुना हा काही हौसेचा भाग नाही. कोकण किनाऱ्यावर वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत जुलैला फुगतं आणि मेमध्ये आकसतं. रुंद फळी चारी बाजूंनी खिळून टाकली तर ती फुटते किंवा बाक धरते. म्हणून पट्ट्या अरुंद ठेवायच्या, त्यांच्यात फट सोडायची, खाच आणि कुसूचा (खाचेत घुसणाऱ्या टोकाचा) सांधा असा बसवायचा की लाकडाला हलायला जागा राहील. फट किती ठेवायची हे लाकडाची जात, ते किती वाळलंय आणि वारा कुठून येतो यावर ठरतं. नमुना भिजवून, वाळवून पाहिला की उत्तर मिळतं.

काशीदचं तारा हाउस (2005) हे या टप्प्यातलं पहिलं गाजलेलं घर. उतरत्या लाकडी छपरांच्या खोल्या बागेभोवती आहेत आणि बागेच्या पोटात भूजलाने भरलेली एक खोली दडलेली आहे. घराला आणि झाडांना लागणारं पाणी तिथूनच मिळतं.

नांदगावचं पामिरा हाउस (2007) मात्र थांबून पाहावं असं आहे. सुमारे 3,000 चौरस फुटांचं हे घर एकमेकांपासून किंचित सरकवलेल्या दोन लाकडी पेट्यांचं आहे. सांगाडा ऐन या झाडाच्या लाकडाचा, बाहेरचे लूव्हर्स (हवा-उजेड येऊ देणाऱ्या आडव्या पट्ट्या) ताडाच्या खोडाचे, जोतं, वाटा आणि कुंपणभिंती स्थानिक काळ्या दगडाच्या. गिलाव्यात जागेवरचीच वाळू. ऐन मजबूत आणि जड असला तरी वाळवताना छळतो. उन्हात घाई केली की पृष्ठभागावर भेगा पडतात, म्हणून तो सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून, सावकाश वाळवावा लागतो. ताडाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या खोडात वर्षवलयं नसतात. कठीण काळपट तंतू बाहेरच्या कड्यात दाटलेले असतात आणि गाभा भुसभुशीत असतो. गाभ्याचा भाग पट्टीत राहिला तर तो आधी ओल धरतो, मग कुजतो. त्यामुळे एका खोडातून कामाचा माल थोडाच निघतो आणि पट्ट्या आपोआप अरुंद होतात. लूव्हरची अरुंद पट्टी हे ताडाच्या अंगचंच माप आहे.

या घराची पाणीव्यवस्था फारशी चर्चेत येत नाही, पण मला ती रचनेइतकीच महत्त्वाची वाटते. जागेवर तीन विहिरी आहेत. पाणी गाळून मनोऱ्यावरच्या टाकीत चढवलं जातं आणि तिथून ते उताराने घरात येतं. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे साध्या शॉवरला 5 मीटरची उंचीही पुरते. समुद्रकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी 1 मीटरने उतरली की खालची खारी सीमा तत्त्वतः 40 मीटरने वर सरकते. एकाच बोअरमधून जोरात उपसा केला की पाणी मचूळ होतं ते यामुळे. उपसा तीन विहिरींवर वाटला की हा धोका कमी होतो.

आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या 2010 च्या अंतिम यादीत हे घर होतं.

चोंढीच्या आमराईतल्या कॉपर हाउस-2 मध्ये विहीर खणून निघालेली माती पसरून जागा उंच केली आणि त्यावर घर बसवलं. वरच्या खोल्यांना तांब्याचं आवरण आहे. तांबं किनाऱ्यावर टिकतं, पण नियम पाळले तरच. लोखंडी खिळे वापरले की दोन धातूंच्या संपर्काने लोखंड भराभर गंजतं, म्हणून खिळे तांब्याचे किंवा पितळेचे हवेत. 3 मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने सुमारे 2 मिलिमीटर वाढतो. तो सलग झाळला तर झाळ तुटते; कडा दुमडून सांधा केला तर पत्रा सरकत राहतो.

2010 मध्येच व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात) स्टुडिओने ‘वर्क-प्लेस’ या नावाने आपली कार्यशाळाच मांडली: प्रतिकृती, नमुने, हत्यारं, वह्या. परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेख केला. तयार इमारतींच्या चकचकीत फोटोंऐवजी हे नेणं अगदी योग्य होतं.

2016 मध्ये मेलबर्नला एमपॅव्हिलियन हा हंगामी मंडप उभारताना हीच पद्धत परदेशी गेली. 7 किलोमीटर बांबू, 26 किलोमीटर दोर, 50 टन दगड आणि छताला कारवीच्या काठ्यांचे विणलेले तट्टे. हे तट्टे भारतातच कारागिरांनी विणले होते. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी फुलून वाळली की तिच्या काठ्यांचे कूड बांधून त्यावर शेणमाती लिंपायची रीत आपल्याकडे जुनीच. इथे लिंपण काढून टाकलं आणि उजेडाला वाट दिली. हंगाम संपल्यावर हा मंडप मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात हलवला गेला. 2020 मध्ये जैन यांना फिनलंडचं आल्वार आल्टो पदक हा वास्तुकलेतला सन्मान मिळाला.

या कामावर एक आक्षेप रास्त आहे. यातली गाजलेली घरं बहुतांशी सधन शहरी मालकांची, सुट्टीत राहायची आहेत. नमुने बनवायला वेळ लागतो, कारागीर वर्षभर पोसावे लागतात आणि तो खर्च साध्या घराच्या अंदाजपत्रकात मावत नाही. डेहराडूनजवळच्या गंगा माकी या हातमाग कार्यशाळेत वीट, दगड, बांबू आणि चुना वापरून स्टुडिओने प्रत्यक्ष कामाची जागा घडवली, ती म्हणूनच विशेष. पण पद्धतीतला एक भाग आजही कोणत्याही छोट्या कार्यालयाला परवडतो: संपूर्ण घराचा नमुना नको, फक्त सगळ्यांत अवघड सांध्याचा करावा, ज्या सुताराने काम करायचं त्याच्याच हातून करून घ्यावा आणि एक पावसाळा उघड्यावर ठेवून मगच बाकीच्या लाकडाची मागणी नोंदवावी.