ताल-खेळ (स्वतःच्या संग्रहातील गाण्यांवरचे)

ताल-खेळ म्हणजे स्वतःजवळची गाणी, सीडीवरची असोत वा एमपीथ्री फाइलमधली, व्हिडिओ गेमला पुरवून त्यांच्या ठेक्यावर खेळण्याचा प्रकार. नेहमीच्या ऱ्हिदम गेममध्ये कंपनीने निवडलेली ठरावीक गाणी असतात. इथे गाणे खेळणाऱ्याचे असते आणि पडद्यावरचे बाण, ठोकळे किंवा अडथळे त्यावरून तयार होतात. ठाणे-नवी मुंबईकडच्या घरात या खेळाला वेगळीच रंगत येते, कारण एकाच हार्ड डिस्कवर आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजने असतात, आईची भावगीते असतात आणि घणसोली-दिवाळे गावांकडच्या हळदीत वाजणारी बेंजोवरची आगरी-कोळी गाणीही असतात. यातले काय मशीनला उमगते आणि कुठे ते गडबडते, हे पाहण्यातच अर्धी मजा आहे.

या प्रकारातला गाजलेला सुरुवातीचा खेळ म्हणजे 'व्हिब-रिबन' (१९९९, प्लेस्टेशन). तो अख्खा कन्सोलच्या मेमरीत मावत असे. त्यामुळे खेळ सुरू झाल्यावर त्याची डिस्क काढून स्वतःची ऑडिओ सीडी घालता येई, आणि त्या गाण्यावरून एका पांढऱ्या रेघेवर खड्डे, ठोकळे, लाटा व वेटोळी उमटत. पुढे डिलन फिटरर यांच्या 'ऑडिओसर्फ'ने (२००८) हेच संगणकावरच्या फाइलींबाबत केले. गाणे शांत असले की रस्ता चढाचा आणि संथ, गाणे चढले की उतार आणि भरधाव वेग. ख्यालाचे ध्वनिमुद्रण घातले तर आलापभर नुसता घाट चढत राहावा लागतो.

दुसरी शाखा हाताने मॅप, म्हणजे गाण्यावरचा बाण-ठिपक्यांचा आराखडा, बांधणाऱ्यांची. २००१ पासूनचा 'स्टेपमेनिया' आणि २००७ मधला 'ओसू' हे तिचे दोन ठळक नमुने. यांत कुठे बाण येणार, कुठे ठिपका येणार हे कोणीतरी एडिटरमध्ये (मॅप बांधायच्या प्रोग्राममध्ये) बसून ठरवलेले असते.

आपोआप अडथळे तयार करणाऱ्या खेळाचे ऐकणे मुळात मोजमापाचे असते. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यातले, समजा, १,०२४ नमुन्यांचे म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचे तुकडे घेऊन प्रत्येकात कोणत्या कंप्रतेला किती जोर आहे ते काढतात. जोर एकदम वाढला की तो आघात. आघातांमधल्या अंतरावरून लय ताडली जाते, आणि ती पुष्कळदा दुप्पट किंवा निम्मी निघते. ढोलकीची थाप मशीनला चटकन सापडते. भजनातले टाळ मात्र अखंड किणकिणत असल्याने त्याला सगळीकडे आघातच आघात दिसतात. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, त्याला गंधवार्ता नसते. तालातली 'खाली' (मोकळा भाग) आली की डग्गा गप्प होतो, आणि मशीन त्याला गाण्यातला पडेल भाग समजते. तबला शिकलेल्या मुलांना याचे हसू येते, ते उगीच नाही.

हाताने मॅप करतानाची अडचण निराळी. एडिटरला दोन गोष्टी लागतात: मिनिटाला किती ठोके, आणि पहिला ठोका फाइलच्या सुरुवातीपासून किती मिलिसेकंदांवर. गाण्याबरोबर कळ दाबत लय काढायची, मग वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून पहिल्या थापेच्या टोकाशी रेघ नेऊन लावायची. मिनिटाला १२० ठोके धरले तर दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांचे अंतर पडते. प्रत्यक्ष लय १२२ असेल तर दर ठोक्याला आठेक मिलिसेकंदांची चूक साचते. 'ओसू'मध्ये मधल्या काठिण्याला पूर्ण गुणांसाठी मागेपुढे ५० मिलिसेकंदांची मुभा असते, म्हणजे सहा-सात ठोक्यांतच मॅप हुकला. मेट्रोनोमवर वाजवलेल्या आजच्या गाण्यांत हे जमून जाते. गजराला लय चढवत नेणाऱ्या भजनी मंडळाच्या मुद्रणात मात्र जागोजागी नवी लय नोंदवावी लागते, आणि चार मिनिटांच्या अभंगाला आख्खी संध्याकाळ जाते.

कोळीगीतांची गोष्ट वेगळी. त्यातली अनेक दादऱ्याच्या (सहा मात्रांच्या तालाच्या) अंगाने जातात आणि प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात. एडिटरची जाळी (ठोक्याचे भाग दाखवणाऱ्या रेघा) चार भागांची ठेवली तर बाण बेंजोच्या आजूबाजूला भरकटतात. जाळी तीन किंवा सहा भागांवर आणली की तेच गाणे हातात बसते. नवख्या माणसाने खरे तर इथूनच सुरुवात करावी: ठेका ठसठशीत, कडवी छोटी आणि धृपद सारखे परत येणारे.

स्ट्रीमिंग ॲपवर 'डाउनलोड' केलेली गाणी या कामी येत नाहीत. ती कूटबद्ध असतात, खेळाला उघडत नाहीत. म्हणून जुन्या एमपीथ्री सीडी आणि मेमरी कार्डे अजून उपयोगाची. एकाच गाण्याच्या दोन एमपीथ्रींमध्ये सुरुवातीची शांतता काही मिलिसेकंदांनी कमीजास्त असू शकते, त्यामुळे मित्राचा मॅप आपल्या फाइलवर बसेलच असे नाही. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये वायरलेस इअरबड लावून खेळणाऱ्यांचे हातही असेच चुकतात. ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. खेळाच्या सेटिंगमध्ये तेवढा ऑफसेट (वेळेची भरपाई) द्यावा किंवा सरळ वायरचा हेडफोन घ्यावा. पायांनी बाण दाबायच्या डान्स मॅटवाल्यांची अडचण उशिराची नाही, खालच्या मजल्याची असते. मॅटखाली जाड फोम घातला तरी रात्री दहानंतर सोसायटीत कीबोर्डच बरा.

कायद्याच्या बाजूने पाहता, स्वतःपुरत्या रास्त वापराला प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ सवलत देते. मॅपसोबत गाण्याची फाइल वाटणे मात्र त्यात येत नाही, आणि या खेळांची पॅकेजे बहुधा गाण्यासकटच फिरतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. तो संपला तरी शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात. त्यामुळे सावध मंडळी फक्त मॅपची फाइल देतात आणि गाणे ज्याचे त्याने आणायचे असे ठरवून टाकतात.